हिराकस

बाईसाहेबांची शाई मी करायचे.
मायफळं ठेचून पावसाच्या पाण्यात आठ दिवस,
चुलीपासून दोन हात लांब,
मग फडक्यातून गाळायचं, हिराकस, शेवटी डिंक.
हिराकस चिमटीनंच. जास्त झालं तर शाई कागद खाते,
असं म्हाताऱ्या गुडिथनं मला शिकवलं,
जिला स्वतःचं नाव काढता येत नव्हतं.
मलाही येत नाही.

पण लिहिताना बाईसाहेबांचे ओठ हलायचे.
मी शेगडीतली राख ओढत बसायचे, मुद्दाम हळूहळू.
'पहाटे प्रार्थना केली, मन लागलं नाही.
टॉलरच्या पायाची जखम धुऊन मध लावला.
मिस्टर गर्डन लिनला गेले, मेंढ्यांचा भाव बघायला.
जेवणाआधी राग आला. देवा, क्षमा कर.'

राग माझ्यावर आला होता.
मेणबत्त्या मोजताना एक कमी भरली.
ती मीच घेतली होती, भावाच्या घरी बाळंतपण होतं.
चोराचं नाव वहीत आलं नाही.
राग आल्याचं पाप तेवढं आलं.

वाण्याच्या खतावणीसारखी ती वही,
रोज रात्री देवाच्या नावावर काय जमा, काय बाकी.
त्यात नव्हतं ते असं:
फेब्रुवारीत त्या खाडीच्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या,
डोक्यावरची टोपी हातात,
रानहंस उतरेपर्यंत. बोलावलं तरी यायच्या नाहीत.
एकदा कुणाचं तरी पत्र वाचून इतक्या हसल्या
की भिंतीला टेकल्या,
मग ते पत्र विस्तवात घातलं आणि गुडघे टेकले.
मिस्टर गर्डनांच्या पावलांचा आवाज आला
की वही उशीखाली नाही,
पिठाच्या कोठीत जायची. तिथे ते कधी वाकले नसते.

सेंट ल्यूकच्या सणानंतरच्या गुरुवारी अँब्रोज गेला.
पाणथळीचा हिवताप. चौथं वर्ष.
त्या रात्रीही त्या लिहायला बसल्या.
मी म्हटलं, आज राहू द्या.
त्यांनी फक्त दौतीकडे बोट केलं. दौत कोरडी होती.
मायफळांचं पाणी मुरलेलं होतं,
मी अंधारात हिराकस घातलं.
अँब्रोज 'मीठ' हा शब्द माझ्या मांडीवर शिकला होता.
चिमटीचा अंदाज राहिला नाही.

ओठ हलले.
'आज विशेष काही नाही. लोकर तोलली, सतरा स्टोन.'

लोकर त्या दिवशी तोलली नव्हती.
लोकर जूनमध्येच विकून झाली होती.

पुढे त्या गेल्या. पुतण्या आला, दिवाणखान्यात कुत्री आली.
वहीची पानं नव्या स्वयंपाकिणीनं
बाममाशाच्या पायखाली अंथरली,
एकेक प्रार्थना तुपकट होऊन उकिरड्यावर गेली.
मी एकच पान उचलू शकले.
कुठलं, ते मला कसं कळणार?
उलटं धरलंय की सुलटं, तेही कळत नाही.

तीस वर्षांनी कळलं.
सगळ्या ओळी कागदातून झडल्या.
अक्षरं होती तिथे अक्षरांच्या आकाराची भोकं.
तरुण पाद्रीबुवांना दाखवलं, त्यांनी खिडकीशी धरलं,
म्हणाले, सिसली, इथे वाचण्यासारखं काही उरलं नाही,
शाई करणाऱ्याला अक्कल नव्हती.
मी हो म्हटलं.

आता ते पान माझ्या पिठाच्या डब्यात असतं.
दुसरी जागा मला सुचली नाही.
समुद्राची हवा दमट, ते झडतच चाललंय.
काल नखाएवढा तपकिरी तुकडा
पिठात पडला.
मी पीठ चाळलं नाही.